पातळ, हलका आणि मोठ्या स्क्रीनचा लॅपटॉप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पातळ लॅपटॉप म्हणजे हलका लॅपटॉप, बरोबर ना?

नाही. बहुतेक चुकीच्या खरेद्या याच समजुतीतून होतात. दोन मशीन शेजारी ठेवून बघा. १५.३ इंची मॅकबुक एअर (२०२३) फक्त ११.५ मिमी जाडीचा आहे आणि त्याचं वजन १.५१ किलो. एलजी ग्राम १७ (२०२१) चा स्क्रीन जवळजवळ दोन इंच मोठा, जाडीही बरीच जास्त, बॅटरीही मोठी (८० वॉट-अवर विरुद्ध ६६.५), आणि वजन मात्र १.३५ किलो. म्हणजे जाड आणि मोठा तोच हलका. फरक मुख्यतः धातूचा आणि पत्र्याच्या जाडीचा आहे.

आता थोडं गणित. १६ इंची लॅपटॉपचा तळ साधारण ३५५ बाय २५० मिमी असतो. जाडी १ मिमीने वाढवली तर नव्याने लागतं ते फक्त चारही कडांच्या भिंतींचं १ मिमी उंचीचं साहित्य. घेर १,२१० मिमी आणि भिंत १ मिमी जाड धरली तर सव्वा घन सेंटीमीटर धातू. मॅग्नेशियम असेल तर दोन-सव्वादोन ग्रॅम, ॲल्युमिनियम असेल तर तीन-सव्वातीन. तेवढ्यात आत ८८ घन सेंटीमीटर जागा मिळते. पंख्याला, हीट पाइपला (उष्णता वाहून नेणाऱ्या नळीला), बटणांच्या खोलीला आणि बॅटरीला ती जागा सोन्यासारखी असते.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. मोठ्या स्क्रीनच्या लॅपटॉपमध्ये वजन कमी करण्यासाठी पैसे मोजणं योग्य, जाडी कमी करण्यासाठी बहुतेक वेळा नाही. १६ ते १८ मिमी जाडी असेल तर पुष्कळ गोष्टी नीट जमून येतात. १४-१५ मिमीच्या खाली गेलात की प्रत्येक मिलिमीटरची किंमत दुसऱ्या कुठल्या तरी भागाला चुकवावी लागते.

१५.६, १६ आणि १७ इंचांत प्रत्यक्ष फरक किती?

इंच कर्णाचे असतात, त्यामुळे आकाराचं गुणोत्तर पाहिल्याशिवाय तुलना होत नाही. १५.६ इंचाचा १६:९ स्क्रीन ३४५ मिमी रुंद आणि १९४ मिमी उंच. १६ इंचाचा १६:१० स्क्रीनही ३४५ मिमीच रुंद, पण उंची २१५ मिमी. म्हणजे बॅगेची रुंदी तीच राहते आणि मजकुराला दोन सेंटीमीटर जास्त मिळतात. दस्तऐवज, कोड, स्प्रेडशीट यांच्यासाठी हा फायदा घसघशीत आहे. तो सोडून १६:९ घेण्याचं कारण आम्हाला दिसत नाही.

१७ इंचाचा १६:१० स्क्रीन ३६६ बाय २२९ मिमी. १४ इंचाच्या तुलनेत क्षेत्रफळ जवळपास दीडपट. इथे मात्र बॅग तपासावी लागते. '१५ इंचांपर्यंत' असं लिहिलेल्या कप्प्यात तो जात नाही.

वजन नेमकं कुठे असतं?

सगळ्यात मोठा एकच वाटा बॅटरीचा. ८० वॉट-अवरची बॅटरी ढोबळमानाने ३०० ते ३५० ग्रॅम भरते. त्यानंतर झाकण, म्हणजे पॅनेल, त्यामागचा पत्रा आणि बिजागऱ्या. मग तळाची चौकट, कीबोर्ड आणि त्याखालची पट्टी, हीट पाइप-पंखे, आणि शेवटी मदरबोर्ड. प्रोसेसर कुठला घेतला याने वजनात नगण्य फरक पडतो. तो थंड ठेवायला काय लावलं, याने पडतो.

टच स्क्रीन घेतलात तर वर काचेचा एक थर येतो आणि मोठ्या स्क्रीनवर तो शंभर ग्रॅम किंवा त्याहून जास्त वाढवू शकतो. तेही झाकणात, म्हणजे सगळ्यात गैरसोयीच्या जागी. का ते पुढे येतंच आहे.

मॅग्नेशियमचा लॅपटॉप दाबला की लवतो. तो कमकुवत असतो का?

लवणं आणि तुटणं वेगळं. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची घनता साधारण १.८ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, ॲल्युमिनियमची २.७. पण मॅग्नेशियम वाकायलाही सोपं: त्याचा यंग गुणांक (धातूच्या ताठपणाचं माप) ४५ गिगापास्कलच्या आसपास, ॲल्युमिनियमचा ७०. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. म्हणून मॅग्नेशियमचा पत्रा फक्त १६ टक्के जाड केला की तो ॲल्युमिनियमइतकाच ताठ होतो आणि तरीही त्याचं वजन पाऊणपटीच्या आसपास राहतं. धातू चांगलाच आहे. गडबड होते ती जाडी वाढवण्याऐवजी आणखी कमी केल्यामुळे. १ मिमीचा पत्रा ०.८ मिमी केला तर ताठपणा थेट निम्म्यावर येतो.

हातात घेऊन हे तपासता येतं. मशीन बंद करा, झाकण उघडा आणि कीबोर्डच्या मधोमध, जी-एच बटणांपाशी, टाइप करताना देतो तेवढाच जोर द्या. एक-दीड मिमी लवलं तर चालेल. बाजूची बटणंही खाली जाताना दिसली तर रोजच्या टायपिंगमध्ये ते जाणवणार. मग तळाचा पुढचा एक कोपरा एका हाताने धरून मशीन उचला. 'कर्र' असा आवाज आला किंवा टचपॅड आपोआप क्लिक झाला तर चौकट पिळवटते आहे. टचपॅडची ही आपोआप होणारी क्लिक गंभीर समजा. वापरात ती वाढतच जाते.

मॅग्नेशियमची खरी उणीव पृष्ठभागात आहे. त्यावर बहुधा रंगाचा थर असतो, ॲल्युमिनियमसारखी ॲनोडायझिंगची घट्ट पापुद्री नसते. त्यामुळे हाताला तो प्लास्टिकसारखा वाटतो आणि कोपऱ्यांवरचा रंग उडतो. उघड्या पडलेल्या धातूला घामाने डाग धरतात. तिथे पारदर्शक लॅकरचा एक बारीक हात देऊन ठेवा.

स्क्रीन डुलतो, किंवा झाकण मागे नेलं की पुढचे पाय उचलले जातात. दोष बिजागरीचा का?

बिजागरीचा थोडा, वजनाच्या वाटणीचा जास्त. मोठ्या पण हलक्या लॅपटॉपमध्ये झाकण मोठं असतं आणि तळ हलका. समजा झाकण ५०० ग्रॅम आणि तळ ८५० ग्रॅम आहे. झाकण उभ्यापेक्षा ३० अंश मागे कलवलं की त्याचा भारमध्य बिजागरीच्या सहाएक सेंटीमीटर मागे जातो. तळाचे मागचे रबरी पाय बिजागरीच्याही थोडे पुढे असतात. हिशेब केला तर मशीन स्वतःहून कलंडत नाही, पण स्क्रीनच्या वरच्या कडेला बोटाने पाव किलोच्या आसपास दाब दिला की पुढची बाजू उचलली जाते. टच स्क्रीनच्या जास्तीच्या काचेने नेमकं हेच बिघडतं. बोटाचा दाब वाढतो आणि झाकणही जड होतं.

बिजागरी कडक केली तर डुलणं कमी होतं, पण मग एका हाताने झाकण उघडत नाही, तळही सोबत वर येतो. शिवाय तो सगळा पीळ बिजागरीचे स्क्रू जिथे बसवलेत त्या चार-सहा बिंदूंवर पडतो. स्क्रू धातूच्या खोबणीत बसवलेले असतील तर काही होत नाही. प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या पितळी नटांत असतील तर दोन-तीन वर्षांत ते उपटून येतात आणि झाकण उघडताना स्क्रीनची चौकट फाकते. बिजागरी मोडली म्हणून आलेल्या मशीनमध्ये बिजागरी धडधाकट आणि तिच्या बुडाचं प्लास्टिकच तुटलेलं, हा प्रकार नेहमीचा आहे.

चांगली रचना ओळखायची खूण: बॅटरी पुढच्या बाजूला, मनगटाखाली, पूर्ण रुंदीभर पसरलेली असते. ती प्रतिभाराचं काम करते. आणि सवय लावायची तर एकच लावा. झाकण नेहमी वरच्या कडेच्या मध्यभागी धरून उघडा. कोपरा धरून उघडलं की एकाच बिजागरीवर जोर येतो आणि पातळ झाकण तिरकं पिळवटतं.

ओएलईडी घ्यावा की आयपीएस?

हे स्क्रीनच्या पॅनेलचे दोन प्रकार. ओएलईडीला आयपीएससारखा मागचा प्रकाशपट लागत नाही, म्हणून पॅनेल पातळ आणि हलकं होतं. काळा रंग खरा काळा दिसतो. पण वीज चित्रावर ठरते. काळ्या थीमवर ती कमी जाते, पांढऱ्या पानावर दिवसभर लिहीत बसलात तर आयपीएसपेक्षा जास्त जाऊ शकते. मोठ्या स्क्रीनवर हा फरक क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो.

बरेच ओएलईडी कमी ब्राइटनेसला झपाझप चालू-बंद होऊन उजेड कमी करतात. काहींचं त्याने डोकं दुखतं. तपासायला ब्राइटनेस ३० टक्क्यांवर आणा, पांढरं पान उघडा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन लावून बघा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले आणि तुमचे डोळे नाजूक असतील, तर मॅट आयपीएस घ्या. दिवसाचे आठ तास मजकूर वाचणाऱ्याला आम्ही एरवीही मॅट आयपीएसच सुचवू. मोठा चकचकीत स्क्रीन खिडकीसमोर आरशासारखा वागतो.

रिझोल्युशन किती पुरे?

१६ इंचांवर २५६० बाय १६०० म्हणजे इंचाला १८९ पिक्सेल, १७ इंचांवर १७८. देवनागरीतले जोडाक्षरांचे बारीक भाग, रफार, अनुस्वार यात स्वच्छ दिसतात. १९२० बाय १२०० ला १६ इंचांवर १४२ पिक्सेल मिळतात. चालतं, पण अक्षरांच्या कडा जाणवतात. ३८४० बाय २४०० म्हणजे २५६० बाय १६०० च्या सव्वादोनपट पिक्सेल, आणि नेहमीच्या अंतरावरून फरक थोडा. फोटो किंवा छपाईचं काम नसेल तर त्यासाठी बॅटरी घालवू नका.

बॅटरी किती मोठी असावी?

वॉट-अवर बघा, जाहिरातीतले तास नको. वॉट-अवरला सरासरी वॉटने भागलं की तास येतात. हलक्या कामात मोठ्या स्क्रीनचा लॅपटॉप ७ ते १० वॉट ओढतो. ८० वॉट-अवरला ८ वॉटने १० तास, व्हिडिओ कॉलमध्ये १५ वॉट धरले तर सव्वापाच.

स्क्रीन मोठा झाला की तेवढ्याच उजेडाला वीज जास्त लागते. १४ इंचांच्या मानाने १७ इंचांचा प्रकाशपट जवळपास ४७ टक्के जास्त ओढतो. म्हणून १७ इंचांत ५० ते ६० वॉट-अवरची बॅटरी दिसली तर समजा की वजनाचा आकडा सुंदर दिसावा म्हणून ती कापली आहे. ७० च्या खाली आम्ही जाणार नाही.

वरची मर्यादा विमानप्रवासाची. १०० वॉट-अवरपर्यंतचा लॅपटॉप सोबत नेता येतो, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते. त्यामुळेच मोठी मशीन ९९ च्या आसपास थांबतात.

सुरुवातीला वेगवान असतो, दहा मिनिटांनी मंद होतो. का?

पातळ लॅपटॉपमधला हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी सांगितला जाणारा मुद्दा. प्रोसेसरला विजेच्या (वॉटच्या) दोन मर्यादा घातलेल्या असतात: काही सेकंद किंवा मिनिटं चालणारी मोठी, आणि कायम पेलायची छोटी. जाहिरातीतली गती बहुधा पहिल्या मर्यादेतली असते. हीट पाइप आणि पत्रा तापेपर्यंत ती टिकते. मग मशीन जेवढी उष्णता बाहेर टाकू शकतं तेवढ्यावरच काम चालतं. तोच प्रोसेसर एका मॉडेलमध्ये सलग २८ वॉटने चालतो आणि दुसऱ्यात १५ वर येतो. नाव एक, यंत्रं दोन.

जाडी इथेच लागते. गोल हीट पाइप चेपून पातळ करतात. चेपून दोन मिमीपेक्षा पातळ केला की आतल्या वाफेला वाट उरत नाही आणि त्याची उष्णता वाहायची ताकद झपाट्याने घटते. पंख्याचंही तसंच. पातळ पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जास्त वेगाने फिरावं लागतं, आणि वेग दुप्पट झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. मोठा, थोडा जाड, संथ पंखा शांत असतो. मोठ्या मशीनमध्ये जागा असूनही दोनऐवजी एकच छोटा पंखा दिला असेल तर ती काटकसर आहे.

तपासायची रीत:

१. चार्जर लावा, पॉवर मोड 'बॅलन्स्ड' ठेवा, मशीन टेबलावर ठेवा.
२. सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर) ची मल्टी-कोर चाचणी एकदा चालवून आकडा लिहून ठेवा.
३. पाच मिनिटं थंड होऊ द्या. मग तीच चाचणी १० मिनिटं सलग चालवा.
४. दोन आकड्यांतला फरक १०-१५ टक्के असेल तर ठीक. ३० टक्के किंवा जास्त असेल तर तो प्रोसेसर त्या चौकटीला पेलवत नाही. एक पायरी खालचा, स्वस्त प्रोसेसर घेतलात तरी सलग कामात जवळपास तेवढाच वेग मिळेल.
५. चाचणी चालू असतानाच मनगट ठेवायच्या जागेला आणि डब्ल्यू-ए-एस-डी बटणांना हात लावून पाहा. मनगटाखाली गरम लागत असेल तर रोज त्रास होणार.

हवा बहुधा तळातून आत जाते. रबरी पाय दोन-तीन मिमीचे. गादीवर ठेवलं की जाळी बंद होते आणि आकडा आणखी पडतो. मांडीवर ठेवताना खाली एखादी ताठ पाटी घ्या.

पंखा नसलेला मोठा लॅपटॉप चालेल का?

लिहिणं, ब्राउझर, कॉल, थोडं फोटोंचं काम: चालेल, आणि शांतता मोलाची आहे. मोठी चौकट उष्णता पसरवायला थोडी मदतही करते. तासभर चालणारं व्हिडिओ रेंडरिंग किंवा मोठं कंपाइलिंग असेल तर पंखा हवा.

वेगळं ग्राफिक्स कार्ड?

दीड किलोच्या आत ते नको. गरज खरी असेल तर दोन किलोचं मशीन मान्य करा. १६ इंची मॅकबुक प्रो (२०२१) मध्ये तर ग्राफिक्स प्रोसेसरच्याच चिपमध्ये आहे, तरी तो २.१ किलोचा आणि १६.८ मिमीचा आहे.

रॅम बोर्डावरच डकवलेली आहे. ते वाईट का?

वाईट म्हणण्यापेक्षा ते परत न फिरणारं आहे. रॅमचा साधा स्लॉट बोर्डावर चार मिमी किंवा जास्त उंची आणि बरीच जागा घेतो. शिवाय एलपीडीडीआर जातीची रॅम वीज कमी खाते, पण तिला प्रोसेसरच्या अगदी जवळ डकवावं लागतं. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत (२०२४) तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजवर आहे, १६ किंवा ३२ जीबी. मधला मार्ग म्हणजे स्क्रूने बसवायची एलपीकॅम२ रॅम. २०२४ च्या थिंकपॅड पी१ जेन ७ मध्ये ती आली, पण अजून ती मोजक्याच मॉडेलांत दिसते.

नियम साधा: डकवलेली असेल तर आज लागते त्याच्या दुप्पट घ्या. आज ८ पुरत असेल तर १६, १६ पुरत असेल तर ३२. एसएसडी (फाइली साठवणारा भाग) मात्र बदलता यायलाच हवी. एम.२ २२८० मापाचा, म्हणजे २२ बाय ८० मिमीचा स्लॉट आहे का ते विचारा. मोठ्या मशीनमध्ये तो नसायला कारण नाही.

पोर्ट कमी का असतात?

यूएसबी-एचा प्लग साडेचार मिमी उंच, यूएसबी-सीचा अडीचच्या आसपास. कडा निमुळती केली की जुने पोर्ट मावत नाहीत. १६-१७ मिमी जाडीच्या मशीनमध्ये यूएसबी-ए आणि एचडीएमआय दोन्ही आरामात बसतात. चार्जिंगचे यूएसबी-सी पोर्ट दोन्ही बाजूंना असतील तर उत्तम. आणि पोर्ट मदरबोर्डऐवजी वेगळ्या छोट्या बोर्डावर असेल तर तो सैल झाल्यावर दुरुस्ती स्वस्तात होते.

नंबर पॅड असावा का?

दिवसभर आकडे भरत असाल तर हवा. नाहीतर त्याची किंमत रोज मोजता. अक्षरांची बटणं आणि टचपॅड स्क्रीनच्या मध्यापासून पाचेक सेंटीमीटर डावीकडे सरकतात, आणि तुम्ही दिवसभर थोडे उजवीकडे वळून बसता. मान आणि उजवा खांदा त्याची तक्रार करतात. आकडे कधीमधीच लागत असतील तर वेगळा यूएसबी नंबर पॅड पुरतो.

बटणांची खोली १.५ मिमी असली तर सुखाचं, १.२ चालतं, १ मिमीवर बोटं आपटतात.

चार्जर वजनात धरायचा का?

जरूर. मॉडेल १.३ किलोचं आणि सोबतचा चार्जर तीनशे ग्रॅमचा, असं व्हायला नको. ६५ वॉटचा गॅलियम नायट्राइडचा चार्जर केबल सोडून शंभर-सव्वाशे ग्रॅममध्ये मिळतो. केबल मात्र ५ अँपिअरची घ्या. साधी ३ अँपिअरची केबल २० व्होल्टला ६० वॉटच्या वर जाऊ देत नाही. मग चार्जर ६५ किंवा १०० वॉटचा असूनही 'स्लो चार्जर' असा इशारा येतो आणि दोष चार्जरला दिला जातो.

स्क्रीनवर बटणांच्या चौकोनी खुणा उमटल्यात. काय झालं?

बॅगेत दाब पडून पातळ झाकण लवतं आणि पॅनेल बटणांना टेकतं. खुणा बहुधा बोटांच्या तेलाच्या असतात. किंचित ओल्या मायक्रोफायबरने निघाल्या तर काळजी नाही. निघाल्या नाहीत तर लेप घासला गेलाय, तो भरून येत नाही. झाकणाच्या कडेने सलग रबरी पट्टी असलेलं मॉडेल याबाबतीत बरं. बॅगेत लॅपटॉप पाठीकडच्या कप्प्यात ठेवा, आणि चार्जरची वीट झाकणाच्या मध्यावर टेकेल अशी कधीच ठेवू नका.

'मिल-एसटीडी-८१०' लिहिलंय, म्हणजे पडला तरी चालेल?

नाही. हे अमेरिकी लष्कराचं उपकरणांच्या चाचण्यांचं मानक. त्यात अनेक चाचण्या आहेत. कुठल्या करायच्या आणि कशा, हे निर्माता ठरवतो. कुठल्या चाचण्या केल्या याची यादी दिली असेल तरच त्याला किंमत द्या.

टचपॅड वर आल्यासारखा वाटतो, झाकण नीट बसत नाही.

बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी. पातळ मशीनमध्ये पाऊच सेलच्या (बॅटरीतल्या मऊ पाकिटासारख्या सेलच्या) वर जेमतेम मिलिमीटरभर मोकळीक असते, म्हणून फुगवटा लगेच टचपॅड उचलतो. चार्जर काढा, मशीन बंद करा, पुन्हा चार्ज करू नका. टचपॅड दाबून खाली बसवू नका आणि फुगलेल्या सेलला टोचून वायू सोडायचा प्रयत्न तर अजिबात नको, आग लागते. बॅटरी दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या आणि ई-कचऱ्यात द्या, घरच्या कचऱ्यात नाही. नवीन बसवल्यावर, मशीन बहुतेक वेळ चार्जरवरच असेल तर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावून ठेवा. पूर्ण भरलेली आणि गरम बॅटरी सगळ्यात लवकर फुगते.